वाढदिवसाला पाठवलेलं करडू

गड्यांनो, आज मी सूड घेतला, तोबी लहान पोरांच्या पुस्तकानं.

माझी भाची स्वरा आटपाडीत पहिलीला हाय. तिच्या गालावर, हातावर कोडाचे पांढरे डाग हायत. शेजारच्या काकीनं लेकीच्या वाढदिवसाला गल्लीतली सगळी पोरं बोलवली, एकट्या स्वराला न्हाई. ताईला म्हणाली, "नको बाई, आमच्या पोरीला लागंल." कोड कुणाला लागत न्हाई, हे तिला दहादा सांगून झालंय.

मी लांब कोइमतूरला सोनं गाळायच्या गलाईवर कामाला. ऐकून भट्टीवानी तापलो. शिव्या द्यायला फोन लावणार होतो. मग काकीच्या लेकीच्या नावानंच चित्रांचं पुस्तक पाठवलं. त्यात काळ्या करडांच्या कळपात एक पांढऱ्या ठिपक्यांचं करडू असतं आणि त्याच्याशी कुणी खेळत न्हाई.

आज केक कापल्यावर पोरांनी हट्ट धरला म्हणून काकीला ते मोठ्यानं वाचावं लागलं. ताई शेजारी आमच्या ओट्यावर फोन धरून मला ऐकवत होती. शेवटी सगळी करडं ठिपकेवाल्याशी दोस्ती करतात. तिथं काकीचीच लेक म्हणाली, "मम्मे, मग आपण स्वराला का न्हाई बोलवलं?"

सगळ्या बायकांसमोर. लय गार वाटलं.

थोड्या वेळानं काकी स्वतः स्वराला बोलवायला आली. मी फोनवर ताईला म्हणालो, "पाठवू नको. जाऊ दे काकीला तशीच तोंड पाडून."

"आरं, स्वरा कवाच पळाली तिकडं," ताई म्हणाली.

माझा राग अजून गेला न्हाई. खरं सांगा, तुमी पोरीला पाठवलं असतं का?