बुकातलं दुखणं

लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत गुलाबराव वैरागड्यांनी स्वतःचं जेवलेलं ताट मोरीपर्यंत नेल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्याच गुलाबरावांनी एका सकाळी बायकोच्या हातातली भरलेली बादली काढून घेतली आणि न्हाणीत नेऊन ठेवली. वसुंधराबाई बघतच राहिल्या. सूर्य आज कुठल्या बाजूनं उगवला ते पाहायला आपण अंगणात जाऊन आलो, असं त्या पुढे सांगत. त्यात थोडा मीठमसाला असेल, पण फार नाही.

दुपारी गुलाबरावांनी त्यांना पोळपाटावरूनही उठवलं. कामाला येणारी भागाबाई लाटेल म्हणाले. बाजाराची पिशवी स्वतः घेतली. संध्याकाळी वसुंधराबाई झोपाळ्यावर बसल्या होत्या, तर आतून चादर आणून पायावर टाकली. त्यांना बरं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती. माणूस एकाएकी इतका चांगला वागू लागला, की काळजी करावी.

कारण रात्रीच्या जेवणानंतर कळलं. गुलाबराव पुढ्यात एक खाकी पुठ्ठ्याचं बुक घेऊन बसले होते आणि त्यांचे डोळे लाल झाले होते.

"का वो," ते म्हणाले, "दहा वर्षं झाली तुले हार्टचा आजार हाये, अन् मले एका शब्दानं सांगितलं नाई तू?"

दहा वर्षं झाकून ठेवलेलं आज उघडं पडलं होतं.

ते बुक म्हणजे प्लांटचं मेडिकल बुक. भिलाईत ज्यानं स्टील प्लांटात नोकरी केली त्याच्या घरात देवघराइतकीच या बुकाला किंमत. घरातल्या प्रत्येक माणसाचं दुखणं त्यात तारखेनिशी लिहिलेलं असतं. खिडकीवर बुक सरकवलं की तपासणी फुकट, औषध फुकट, आणि निवृत्तीनंतरही नवराबायकोला ही सोय चालू. गुलाबराव हजेरीच्या टाइम ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. सेक्टर 2 मधलं क्वार्टर त्यांनी भाड्यानं ठेवून घेतलं होतं. पण दवाखान्याची पायरी ते कधी चढले नव्हते. प्रकृती ठणठणीत, आणि बुक कायम बायकोच्या ताब्यात, डाळीच्या डब्याच्या मागे.

ते बाहेर निघालं विजयामुळे. विजया ही त्यांची एकुलती एक लेक, अमेरिकेत न्यू जर्सीला. दोनदा पाचव्या महिन्यात तिचं पोट रिकामं झालं होतं. आता तिसऱ्यांदा दिवस होते, सहावा सरत आला होता, आणि डॉक्टरनं तिला बिछान्यातून उठायला बंदी केली होती. बाजारातल्या एसटीडीच्या खोलीतून फोन केला की ती पोर नुसती "आई, तू ये ना" एवढंच म्हणे. मग तारेतून रडणं ऐकू येई आणि काचेबाहेर उभी असलेली माणसं घड्याळं बघत. व्हिसा झाला होता, तिकीट सांगून ठेवलं होतं. अडलं होतं ते इन्शुरन्सपाशी. जावयानं निक्षून सांगितलं होतं, की विम्याशिवाय आईंना विमानात बसवू नका. इथे चार दिवस दवाखान्यात राहावं लागलं तर घर विकूनही भागायचं नाही.

म्हणून गुलाबरावांनी ओमप्रकाशला बोलावलं. ओमप्रकाश भिलाई-3 चा विमा एजंट. अर्ध्या टाउनशिपचे जीव त्यानं उतरवले होते, पण परदेश प्रवासाचा फॉर्म त्यानंही पहिल्यांदाच पाहिला होता. त्यात एक कलम ठळक छापलेलं होतं, की आधीपासून असलेले सगळे आजार लिहा. जुन्या आजाराला विमा लागू नाही, आणि तो लपवला व पुढे सापडला तर सगळाच विमा रद्द. शिवाय नेहमीच्या डॉक्टरचा दाखला जोडायचा. ओमप्रकाशचा सल्ला असा, की भाभीजी, सब 'निल' लिख दो, कोण बघतं. पण ज्यांनी बत्तीस वर्षं हजेऱ्या तपासल्या त्या गुलाबरावांना 'निल' लिहिणं जमणार होतं थोडंच? त्यांनी बुक शोधून काढलं, वसुंधरा वैरागडे हे पान उघडलं आणि वाचलं: हृदयविकार. दरमहा औषध. दहा वर्षांचे शिक्के.

वसुंधराबाईंनी दोन दिवस काहीच सांगितलं नाही. अब्रू आड येत होती. आणि एक कबूल केलं पाहिजे, अडतीस वर्षांत नवरा पहिल्यांदा बादल्या उचलत होता, तर ते सुखही आणखी दोन दिवस मिळावं असं त्यांना वाटलं. पण तिसऱ्या दिवशी गुलाबराव हनुमानाला नारळ घेऊन निघाले, तेव्हा त्यांना राहवेना. देवाला खोट्या कामाला जुंपणं बरं नव्हे. त्यांनी नवऱ्याला खाली बसवलं आणि सगळं सांगून टाकलं.

आजार भागाबाईचा होता.

भागाबाई त्यांच्याकडे भांडीधुणी करायची. मूळची भंडाऱ्याकडची, नवरा ठेकेदाराकडे मजूर होता तो गेला, आणि ही मरोद्याला एका खोलीत राहिली. दहा वर्षांपूर्वी घासत्या भांड्यावरच ती कोसळली, ओठ निळे पडले. वसुंधराबाईंनी तिला रिक्षात घालून प्लांटच्या दवाखान्यात नेलं. खिडकीतल्या माणसानं नेहमीसारखं बुक मागितलं. ठेकेदाराच्या मजुराच्या विधवेला कुठलं आलंय बुक? वसुंधराबाईंनी आपलं सरकवलं. विचार करायला वेळच नव्हता. डॉक्टरनं भागाबाईला तपासलं, कार्डिओग्राम काढला आणि सगळं वसुंधरा वैरागडे या नावावर लिहिलं. तिचं हृदय वाढलेलं होतं, गोळी जन्मभर घ्यायची होती. पुढे दर महिन्याला बुक दाखवून वसुंधराबाई गोळ्या आणत, आणि वर्षातून एकदा तपासणीला भागाबाई त्यांचं जांभळं लुगडं नेसून, त्यांच्या चपला घालून जाई. बुकावरच्या कुटुंबाच्या फोटोत चेहरे ज्वारीच्या दाण्याएवढे. कोण ओळखणार?

गुलाबराव ऐकत राहिले. टाइम ऑफिसात त्यांचं कामच ते होतं, एकानं दुसऱ्याचं हजेरीचं कार्ड पंच केलं तर पकडायचं. नत्थू नावाच्या प्लांटातल्या एका खलाशी मजुरानं गावी अडकलेल्या भावाचं कार्ड पंच केलं होतं. त्यांची माय मरणाला टेकली होती, तरी गुलाबरावांनी रिपोर्ट केला होता.

"मी नत्थूले पंधरा दिवस घरी बसवलं होतं," ते शेवटी म्हणाले. "याच्याचसाठी. अन् माह्या घरात दहा वर्षं हेच होऊन राहिलं."

"तुमाले सांगितलं असतं तर तुमी करू दिलं असतं का?"

त्याचं उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. गुलाबराव त्या रात्री जेवले नाहीत. त्या दिवसापासून बादल्याही बंद झाल्या.

आता अडचण मात्र अशी झाली, की चोर सोडून संन्याशाला सुळी. जिला दुखणं तिचं नाव कुठेच नाही, आणि जिला काही नाही तिच्या नावावर दहा वर्षांचा हृदयविकार. दाखला त्या बुकावरूनच मिळणार. ओमप्रकाशनं कंपनीत विचारून आणलं, की हृदयाच्या पेशंटला नवा कार्डिओग्राम लागेल. तो बघून साहेब एक तर हृदय वगळून पॉलिसी देतील नाही तर सरळ नाकारतील. नाकारण्याचीच शक्यता जास्त. गुलाबराव म्हणाले, डॉक्टरला खरं सांग आणि नोंद काढून टाक. वसुंधराबाईंनी विचारलं, मग भागाबाईच्या गोळीचं काय? त्यावर ते पेपर वाचू लागले.

भागाबाईच्या कानावर हे जायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं भांडी घासली, हात पुसले आणि कनवटीची पुडी सोडून ओट्यावर ठेवली. महिन्यातल्या उरलेल्या गोळ्या होत्या.

"बाई, तुमच्या नावावरचा माहा रोग काढून टाका. पोरीच्या बाळंतपणापरीस माहा जीव मोठा नाई. मले आता काईच होत नाई."

वसुंधराबाईंना इतका राग आला, की हातातला झारा त्यांनी आपटला. "तू मेलीस म्हणजे पोरगी सुखानं बाळंत होईल, असं कोणं सांगितलं तुले? उचल ते. माह्यापुढे गीळ एक."

भागाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि गोळी गिळली. व्हरांड्यात गुलाबरावांचा पेपर बराच वेळ एकाच पानावर होता.

दवाखान्यात जायचा दिवस आला. वसुंधराबाईंनी मनाशी ठरवलं होतं, की खरं सांगायचं, नोंद खोडून घ्यायची, लेकीकडे जायचं. पोटची ती पोटची. भागाबाईच्या गोळीचं मग पाहू. पण पाहू म्हणजे कोण पाहणार, हे त्यांना कळत होतं. पाहता येण्यासारखं असतं तर दहा वर्षं लुगडी कशाला नेसवली असती?

डॉक्टर अरुणकुमार पिकल्या केसांचे, निवृत्तीला आलेले. वर्षाच्या तपासणीला दर खेपेला वेगळा डॉक्टर असे, त्यामुळे यांनी भागाबाईला कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी नवा कार्डिओग्राम काढला, फायलीतला जुना काढला, आणि दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एकदा पट्ट्यांकडे पाहिलं, एकदा वसुंधराबाईंकडे. मग कंपाउंडरला चहा सांगायला बाहेर पाठवलं.

"माताजी," ते हळूच म्हणाले, "ये दोनों एक आदमी के नहीं हैं. दवा कौन खाता है?"

वसुंधराबाईंनी सांगितलं. मोडक्यातोडक्या हिंदीत, मान खाली घालून, भांड्यापासून लुगड्यापर्यंत सगळं. डॉक्टरांनी मध्ये एकदाही टोकलं नाही. ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, की तुमचं हृदय लोखंडासारखं आहे. मी नोंद चुकीची होती म्हणून रद्द करतो, आजच स्वच्छ दाखला देतो, विमा लगेच मिळेल. मात्र पुढच्या महिन्यापासून खिडकीवर औषध मिळणार नाही. किंवा बुकात आहे तसा दाखला देतो. मग औषध चालू राहील, पण कंपनी नाही म्हणाली तर माझ्या हातात काही नाही. त्यांनी पेन उघडलं. "क्या लिखूँ?"

वसुंधराबाईंनी तोंड उघडलं. विजया डोळ्यांपुढे होती आणि निळे पडलेले ओठही. 'रद्द करा' हे दोन शब्द, पण ते काही केल्या बाहेर येईनात.

"साहेब," शेजारून गुलाबराव म्हणाले, "मैं टाइम ऑफिस का आदमी हूँ." मग हिंदी सोडून ते बायकोकडे वळले आणि तिलाच सांगावं तसं बोलले. "रजिस्टरात चढलेली नोंद खोडत नसतात. बत्तीस वर्षं मी खोडू नाई दिली कोणाले. जे बुकात हाये, तेच लिहू दे."

डॉक्टरांना मराठी किती कळलं कोण जाणे. त्यांनी जुनी पट्टी फायलीत ठेवली, नवी दाखल्याला टाचली, आणि बुकाप्रमाणे लिहिलं.

पुढचे अठरा दिवस वैरागड्यांच्या घरात कुणी धड जेवलं नाही. फाटक वाजलं की वसुंधराबाई पदर सावरत दारात. एकदा तर त्यांनी नवऱ्याला तोडून विचारलं, की विजूचं काही कमीजास्त झालं तर काय सांगणार आहात तिला, रजिस्टर? गुलाबरावांनी त्या दिवशी स्वतःचं ताट स्वतःच उचललं.

एकोणिसाव्या दिवशी ओमप्रकाश स्कूटरवर आला. कंपनीच्या साहेबानं म्हणे नवीन पट्टी पाहून दोनदा चष्मा पुसला आणि पॉलिसी मंजूर केली. खाली मात्र एक ओळ टाइप केली होती, की हृदयाच्या कोणत्याही विकारावर भरपाई मिळणार नाही. तो बिचारा ही ओळ दाखवताना ओशाळला होता. वसुंधराबाई हसत सुटल्या. हसता हसता रडायलाच लागल्या, आणि ओमप्रकाशला वाटलं भाभीजींना आत्ताच काहीतरी होणार.

डिसेंबर संपता संपता त्या गेल्या. फेब्रुवारीत विजयाला मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, आवाजानं घर डोक्यावर घेणारी. वसुंधराबाईंनी तिला न्हाऊमाखू घातलं, लेकीला मेथीचे लाडू खाऊ घातले, आणि मेमध्ये भिलाईच्या भट्टीत परत आल्या. पाच महिन्यांत त्यांना तिथे साधं पडसंही झालं नव्हतं.

घरात पाऊल टाकताच त्यांनी डाळीच्या डब्यामागून बुक काढलं. शिक्के सगळे जागच्या जागी होते, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. वार्षिक तपासणीही मार्चात झालेली. त्यांनी भागाबाईला विचारलं, की मी नसताना तपासणीला नेलं कोणी तुले?

भागाबाईनं आधी सांगायला आढेवेढे घेतले. गुलाबराव बाहेर गेलेत याची दारात जाऊन खात्री केली.

"साहेबच घेऊन गेले," ती म्हणाली. "तुमचं जांभळं लुगडं त्याईनंच काढून देलं. खिडकीवर नवीन पोरगी होती. तिनं तुमचं नाव पुकारलं, अन् माहे पायच उचलेनात. ती विचारते, कोण हाय वसुंधरा वैरागडे, कोण हाय. तर साहेब उभे झाले. माह्याकडे हात केला अन् म्हणले, ये है. हाजिर है."

वसुंधराबाई खाली बसल्या. मग त्यांनी पोह्यांना फोडणी टाकली, कारण गुलाबराव यायची वेळ झाली होती, आणि त्यांना भूक लागलेली असणार.