टेकाडे मॅडम आणि माझा आवाज

मी कविता शिकवताना ऐन रंगात आलो, की पलीकडून भिंतीवर डस्टरची ठकठक सुरू व्हायची. ती टेकाडे मॅडमची. कळमेश्वरच्या आमच्या शाळेत त्या शेजारच्या वर्गात गणित शिकवायच्या आणि माझा आवाज त्यांना मुळीच खपत नसे. बाकीचे शिक्षक म्हणत, सरांचा आवाज म्हणजे शाळेचं वैभव. मॅडम म्हणत, "वैभव असन, पण माह्या वर्गात काहून घुसून राहिलं?"

बाई दिसायला किरकोळ, बोलायला खडूस. सीताबर्डीहून सकाळची एकच बस आम्ही दोघं पकडायचो. त्या पुढे बसल्या, की मी मुद्दाम मागे बसायचो. कोणी काही नवं ठरवलं, की त्यांचा प्रश्न तयार असायचा : "अन् नाही झालं तं?" मग ती सहल असो, स्नेहसंमेलन असो, नाहीतर मुख्याध्यापकांच्या मुलीचं लग्न. लोकांच्या उत्साहावर पाणी ओतायला सरकारने पगारी माणूस नेमावा, तशी ही बाई.

दोन वर्षांपूर्वी माझ्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज परत येईल की नाही, हे डॉक्टरांनी नक्की सांगितलं नाही. शाळेची मंडळी घरी भेटायला आली. जो तो सांगत होता, सर, पॉझिटिव्ह राहा, आवाज दणक्यात येईल. मलाही तेच ऐकायचं होतं. रोज मनातल्या मनात मी तेच घोकत होतो. मॅडम कोपऱ्यात बसून पोहे खात होत्या. त्यांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, "अन् नाही आला तं? काय करान मंग?"

माझ्या बायकोचा चेहरा उतरला. या बाईला हात धरून बाहेर काढावं, असं मला वाटलं. ओरडता येत नव्हतं, म्हणून मी नुसती पाठ फिरवली.

आवाज आलाच नाही. आली ती घरघर. कॉलरला लावायचा माइक आणला, तर तीच घरघर मोठी होऊन वर्गभर पसरली. मुलं आधी हसली, मग त्यांनी गोंगाट मांडला. आवाज परत येणार, या एकाच आशेवर मी सगळा भार टाकून बसलो होतो. ती गेल्यावर हाताशी काही उरलं नाही. राजीनामा देतो, असं मी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं. सगळे हळहळले. मॅडम मात्र समोर येऊन उभ्या राहिल्या.

"इतके वर्सं तुमी एकलेच बोलून राहिले सर. पोरायले कविता कुठं आली? त्यायले तुमचा आवाज तेवढा आला. आता त्यायले बोलू द्या."

माझं डोकं भणभणलं. बाईला खोटं पाडायचंच, म्हणून मी दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो. पहिल्या रांगेला जवळ घेतलं. मी ओळ हळू सांगायची आणि रांगेने ती एका सुरात साऱ्या वर्गाला सांगायची, असं ठरलं. सुरुवातीला नुसता धिंगाणा झाला. पण ओळ पुढे सांगायची तर ती नीट ऐकावी लागते, आणि ऐकायची तर गप्प बसावं लागतं. हळूहळू मुलं अर्थ विचारायला लागली, कवितेवरून आपसात भांडायला लागली. माझ्या दणदणीत काळात असं भांडण कधी झालं नव्हतं. मॅडमचं बरोबर निघालं, याचा मला भयंकर राग आला.

यंदा त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांना शाल-श्रीफळ देण्याचं काम मुख्याध्यापकांनी नेमकं माझ्या गळ्यात घातलं. माझा वर्ग समोरच सतरंजीवर बसला होता. शाल पांघरताना मी मॅडमपुरतं, अगदी हळू, एक वाक्य बोललो. पहिल्या रांगेने सवयीप्रमाणे ते एका सुरात अख्ख्या सभागृहाला ऐकवलं, "तुम्ही नसतात तर मी नोकरी सोडली असती."

मला कुठे पाहावं कळेना. मॅडमनी नारळ काखेत धरला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"कायले सोडली असती सर? शिकवण्याबिगर दुसरं काही येते काय तुमाले?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी शिकवणं सोडूच शकत नाही, हा भरवसा त्या दिवसांत माझा मलाही उरला नव्हता. तो या बाईला होता, आणि तो सांगतानासुद्धा माझा अपमान केल्यावाचून तिला राहवलं नाही.