मंगळाची सोबत

सुधीरकाका गेल्याचा फोन मिलिंदने, माझ्या नवऱ्याने, मला ऑफिसात केला. दुपारचा चहा घेऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत... दुबईत अल मनखूलमधल्या त्यांच्या फ्लॅटवर पोचले तेव्हा तिथे रडणं कमी आणि काकांचे किस्से जास्त चालले होते. आज तीन आठवडे झाले, मलाही रडू येण्याआधी हसूच येतं.

काका माझ्या माहेरच्या समोरच्या दारचे. नोकरी सर्व्हेयरची. दिवसभर साइटवर उन्हात उभं राहून जमिनीचे कोन मोजायचे आणि उरलेला सगळा वेळ आकाशाला द्यायचे. लिफ्टमध्ये गाठून शनीची कडी समजावत, आपला मजला आला तरी दार धरून ठेवत. बिल्डिंगमधलं कोणीही त्यांच्या तावडीतून सुटलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझं लग्न अडलं होतं. मिलिंदचं आणि माझं ठरलं होतं, बाबांची ना नव्हती, पण मला कडक मंगळ. मिलिंदच्या आई, म्हणजे माई, शारजात राहायच्या. त्यांनी माझी पत्रिका पाहिली आणि गप्पच झाल्या. भांडल्या असत्या तर बरं होतं. मी रडकुंडीला आले होते आणि मिलिंद आपला 'होईल गं, इन्शाल्ला' एवढंच म्हणायचा.

त्याच वर्षी गणपतीत काकांचं व्याख्यान ठरलं. विषय होता, अवकाशात एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन गोलांमधल्या समतोलाच्या जागा. खालच्या ग्रोसरीच्या दुकानाच्या दारावर लावायचा कागद काकूंनी लिहिला. 'गोल' हा शब्द त्यांना फारच ओकाबोका वाटला, म्हणून त्यांनी तिथे 'ग्रह' केलं. 'दोन ग्रहांमधील समतोल'... झालं. हॉल खच्चून भरला आणि निम्म्या बायकांच्या पर्समध्ये पत्रिका. माईही आल्या, मिलिंदची आणि माझी पत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन.

गर्दी बघून काका हरखले. पत्रिका दिसल्यावर घोटाळा त्यांच्या लक्षात आला, पण ते मागे हटले नाहीत. पत्रिकेतलं मला ओ की ठो कळत नाही, म्हणाले, मी वरच्या मंगळाबद्दल बोलतो. मग बाबांना मधे उभं करून सूर्य केलं, मला मंगळ आणि मिलिंदला एक चिमुकला दगड. तिघांत सारखं अंतर राहील असा कोन नजरेनेच जुळवला आणि 'यल्ला, चला, फिरा' म्हणून आम्हा दोघांना बाबांभोवती चालायला लावलं. मी पुढे, मिलिंद मागे, आणि लोक हसून बेजार. काकांचं मात्र गंभीरपणे चालू होतं. दोन्ही गोलांची ओढ आणि फिरण्याचा वेग यांचा मेळ बसतो अशा पाच जागा असतात. त्यातल्या तीन डळमळीत, तिथे राहायचं तर सतत सावरावं लागतं. पण ग्रहाच्या वाटेवरच, साठ अंश पुढे आणि साठ अंश मागे, दोन जागा अशा असतात की तिथला दगड टिकून राहतो. मंगळाच्या मागे असा एक दगड काही वर्षांपूर्वीच सापडलाय. मंगळाने त्याला गिळलं नाही की हाकललं नाही.

माईंनी हात वर केला. "म्हणजे मंगळाशी त्याचं पटतं?"

माझे पाय थांबले. काकांनी नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण खोटं सोडाच, अर्धवट खरंसुद्धा त्यांच्याने बोलवत नसे.

"पटतं, माई. पण तो एका जागी गप्प बसत नाही हं. पुढे जातो, मागे येतो... त्या जागेच्या आसपास घुटमळत राहतो. फक्त सोडून जात नाही."

मला वाटलं, खलास. मनातल्या मनात मी काकांना जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. माई मात्र शेजारी बसलेल्या आपल्या यजमानांकडे बघून हसायलाच लागल्या. आमचे हेही असेच, म्हणाल्या. नंतर साबुदाण्याच्या खिचडीच्या रांगेत त्यांनी मला हाताला धरून आपल्यापुढे घेतलं.

पुढे दरवर्षी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला काकांचा सकाळी फोन यायचा. "आहात ना जागेवर?" आम्ही म्हणायचो, "आसपास." एखाद्या वर्षी आदल्याच दिवशी कडाक्याचं भांडण झालेलं असायचं, तरी उत्तर तेच, आणि ते देता देता भांडण विरून जायचं. आमची लेक बोलायला लागल्यावर फोन तीच उचलायची. 'स्टिल ऑर्बिटिंग, आजोबा!'

परवा आमच्या लग्नाचा वाढदिवस झाला. सकाळी फोन वाजला. काकू होत्या. कपडे वाळत घालण्यापलीकडे त्यांनी आकाशाकडे कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

आहात ना जागेवर, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आहोत, आसपास. मग न राहवून मीच विचारलं, "आणि काकू, तुम्ही?"



"इथेच आहे गं," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या आसपास."