घ्या, बदला, वाटा आणि जळत बसा!

आमच्या ग्रुपमध्ये किस्से शोधावे लागत नाहीत. माणसं आठ, मतं नऊ, आणि दर रविवारी सकाळी गारखेड्यात देशमुख काकांच्या गच्चीवरच्या खोलीत चहा. एवढ्यावर वर्षाला एक पोतं आरामात भरतं.

आम्ही मुक्त सॉफ्टवेअरवाले. ज्याचा कोड कुणीही उघडून पाहावा, बदलावा, पुढं द्यावा, तेवढंच सॉफ्टवेअर वापरायचं असं आम्ही ठरवलंय. पाळणं दरवेळी जमतंच असं नाही. म्हणून काकांनी 'कबुली'ची प्रथा पाडली. प्रत्येकानं उभं राहून सांगायचं, या आठवड्यात कोणतं बंद, म्हणजे कोड लपवलेलं, सॉफ्टवेअर वापरलं. कुणी रागवत नाही, पण लपवायचं नाही!

आता पुढचे किस्से ऐकून तुम्ही म्हणाल, हा जाधव त्या नदीमवर जळतोय. तर हो, जळतोय!

*

काका पॉलिटेक्निकमधून रिटायर झालेले, तत्त्वाला लई पक्के. एकदा आमच्या कार्यक्रमाची पत्रिका छापायची होती. काका म्हणाले, "प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर बंद प्रकारचं आहे. चालणार नाही." त्यांनी स्वतः सुंदर अक्षरात एक पत्रिका लिहिली आणि माझ्या हातात दिली. "जाधव, पन्नास झेरॉक्स काढून आणा."

मी जिन्यापर्यंत पोचलो होतो. तेवढ्यात कोपऱ्यातून नदीमनं हळूच विचारलं, "काका, त्या झेरॉक्स मशीनमधलं सॉफ्टवेअर कुणी उघडून पाह्यलंय का?"

खोली हसून हसून लोळली. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी कागद परत घेतला आणि पन्नासच्या पन्नास पत्रिका हातानं लिहिल्या. शेवटची लिहून झाली तोवर कार्यक्रम होऊन गेला होता!

पण माझं दुःख वेगळंच. तो प्रश्न माझ्याही ओठावर होता हो! एक सेकंद उशीर झाला मला.

*

हा नदीम सिल्लोडचा. घरी मक्याचा व्यापार, आणि हा कॉम्प्युटरला चिकटलेला. तीन वर्षांपूर्वी छावणी भागात माझं भाषण होतं, तिथं आला. मी टेबलावर हात आपटून सांगत होतो, "सॉफ्टवेअर कुणाच्या बापाचं नसतं! घ्या, बदला, वाटा!" मग छोट्या वाचनालयांसाठी दोन वर्षं खपून बनवलेला माझा प्रोग्राम दाखवला. कुणी कोणतं पुस्तक नेलं, परत कधी आणायचं, सगळी नोंद त्यात.

बाकीच्यांनी भाषण संपल्यावर चहा घेतला. नदीमनं प्रोग्राम घेतला.

घेतला, बदलला आणि वाटला! मोबाईलवर चालेल असा केला, मराठीबरोबर उर्दू घातली. माझा प्रोग्राम तीन वाचनालयांत होता. आता त्या तिन्ही ठिकाणी त्याचाच आहे.

*

मध्ये काकांनी फर्मान काढलं की ग्रुपच्या गप्पासुद्धा मुक्त ॲपवरच. आम्ही सगळे तिकडं गेलो. पंधरा दिवस मी तिथं रोज मोठमोठे मेसेज टाकले. उत्तर नाही, अंगठा नाही. मला वाटलं, माझे विचार फार खोल जातायत.

रविवारी वंदनाताई कबुलीला उभ्या राहिल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, खोटं बोलत नाहीत. म्हणाल्या, "मी जुनं बंद ॲप वापरलं. सगळेच तिथं आहेत की! नदीमच्या प्रोग्रामचं कौतुक चाललं होतं, ते वाचायला थांबले."

*

एकदा घरी आलो तर बायको सुनीता लॅपटॉपवर बसलेली. आमच्या कॉलनीचं महिला वाचनालय तीच सांभाळते. पडद्यावर हिरवी बटणं, त्यातलं एक उर्दूचं.

"हे माझं नाही!" मी ओरडलो.

"नाहीच. नदीमचं आहे. तुमच्यात पुस्तक सापडेस्तोवर बाई घरी निघून जाते."

"अगं, पण मूळ माझंच ना?"

"व्हय ना! मग आनंद माना की!"

*

मला एकच आशा उरली होती. आमच्यात अट असते, कोड कितीही बदला, मूळ माणसाचं नाव काढायचं नाही. म्हटलं, या पोरानं नक्की काढलं असणार! एकदा सापडू दे, भर सभेत धरतो. मोठ्या उमेदीनं फाईल उघडली.

पहिल्याच ओळीत माझं नाव. पुढं लिहिलेलं, "मूळ लेखक आणि माझे गुरू."

गुरू म्हणे! अंगाची आग आग झाली माझ्या.

*

आणि मग एका सोमवारी देव पावला. सुनीतानं गाव सोडून गेलेल्या एका बाईंचं नाव यादीतून काढलं, तर त्यांच्याकडं असलेली चार पुस्तकंही यादीतून गायब! नदीमच्या प्रोग्राममध्ये दोष! रीत अशी की त्याला लगेच कळवायचं. मी नाही कळवलं. त्या रविवारी शहरातल्या एका मोठ्या वाचनालयाचे दोन संचालक येणार होते, प्रोग्राम माझा घ्यायचा की त्याचा हे ठरवायला. मी सहा दिवस तोंड मिटून बसलो. जेवण मात्र छान जात होतं.

रविवारी म्हटलं, कबुली नंतर, आधी माझं ऐका. प्रोजेक्टर लावला, दोष करून दाखवला. संचालक एकमेकांकडं बघायला लागले. नदीम माझ्या शेजारीच, मान खाली. मी दोषाची नेमकी ओळ काढली.

आमच्यात प्रत्येक ओळ कुणी लिहिली याची नोंद असते. एक बटण दाबलं की नाव येतं. हे घरी बघून यायला पाहिजे होतं. पण दम कुणाला होता! मी तोऱ्यात बटण दाबलं.

लॅपटॉपवर नाव आलं. माझं. चार वर्षांपूर्वीची तारीख, म्हणजे ओळ माझ्या मूळ प्रोग्राममधलीच.

भिंतीवर ते उमटायच्या आत नदीमनं प्रोजेक्टरची केबल उपसली. "माझीच चूक आहे, सर. आजच दुरुस्त करतो."

संचालकांनी माझ्याशी हात मिळवला. "जाधव सर, आम्ही तुमचाच घेतो." वंदनाताई टाळ्या वाजवायला लागल्या. मी हात जोडून खाली बसलो. लॅपटॉपवर माझं नाव तसंच होतं.

मग काकांनी कबुली सुरू केली. "नदीम?"

तो उभा राहिला. "बंद काही नाय वापरलं, काका. एक केबल तेवढी काढली."

सगळे हसले. यातही हा माझ्या पुढं!

"जाधव, तुमची?"

मी उठलो आणि केबल परत लावली.