पावसाळ्यासाठी राखलेल्या गोळ्या

घोडेगावहून डोंगराकडे जाणारी एसटी जिथे संपते, तिथून माझ्या उपकेंद्राची गावं सुरू होतात. मी तिथली नर्स. माहेर डिंगोऱ्याचं, बागायती. बटण दाबलं की पाणी आणि फोन केला की गाडी. त्यामुळे बदली झाली तेव्हा आपण या लोकांना शिकवायला आलोय, असंच माझ्या डोक्यात होतं. तो माज उतरायला वेळ लागला, आणि उतरला तोही वाईट रीतीने.

महिन्याच्या तपासणीला मी एका मावशींच्या पडवीत बसायचे. भाताच्या आवणीला गावात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. रोपं लावत त्या मागे सरकायला लागल्या की सोबतच्या बायकांची दमछाक व्हायची. पहिल्यांदा त्यांचं बीपी मोजलं तेव्हा मशीन बिघडलंय असं वाटून मी दुसऱ्या हाताला पट्टा बांधला. तिथेही तेच. मी आडपडदा न ठेवता सांगितलं, "मावशी, हे असंच राहिलं तर लकवा मारेल. हाच हात जाईल."

त्या हसल्या. "मला काय झालंय बाई? सकाळधरनं चिखलात उभी हाय."

आजार नसणं म्हणजे आरोग्य नव्हे, हे आम्ही नर्सिंगच्या पहिल्याच वर्षी घोकलं होतं. इथे हिशेब सरळ होता: उभा आहे तो बरा, आडवा झाला तो आजारी. उभ्या माणसाला आतून काही होत असतं, हे मी किती परीनं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

तरी माझ्या शब्दाखातर त्या दवाखान्यात आल्या, डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, आणि पुढच्या महिन्यापासून आकडे खाली आले. मी हरखून गेले. पडवीत इतर बायकांना मशीन दाखवून म्हणायचे, "बघा, पुरावा तुमच्यासमोर बसलाय." मावशी लाजायच्या. त्यांच्याकडे बघून आणखी काही जणींनी गोळ्या सुरू केल्या. आमच्या मीटिंगमध्येही मी त्यांची गोष्ट सांगायचे, आणि थोडी फुगवूनच सांगायचे.

पुढच्या वर्षी ऐन आवणीत मावशी खाचरात कोसळल्या. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा त्यांची सून बिस्किटांचा पत्र्याचा डबा पोटाशी धरून दारात उभी होती. डब्यात मी दिलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, ओल लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेल्या.

"आत्यांनी पावसाळ्यासाठी राखल्या व्हत्या," ती म्हणाली. "आता देऊ का?"

डोंगरात पावसाळ्याची बेगमी करतात. मीठ, मिरची, सुकट, सरपण, काड्यापेट्या. एकदा झड लागली की एसटी येत नाही, आणि माणसं आजारी पडतात तीही तेव्हाच. मग उन्हाळ्यात, धडधाकट असताना, औषध संपवायचं कशाला? मावशींनी मिठासारख्याच गोळ्या साठवल्या होत्या. फक्त मी यायच्या आठवड्यात त्या रोज एक घ्यायच्या. "बाई लांबनं येत्यात, त्यांचं मन मोडाया नको, म्हनायच्या," सुनेने सांगितलं. पाहुणे येणार म्हणून अंगण सारवावं, तसं त्या माझ्यासाठी बीपी सारवून ठेवत होत्या.

मला आधी त्यांचा राग आला. मग इतकं वाईट वाटलं की मी जिन्यात जाऊन रडले. आजार येण्याआधी तयारी करायची, हे त्या बाईला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. आयुष्यभर तिने दुसरं केलं तरी काय होतं?

पाऊस सरल्यावर मी पुन्हा त्याच पडवीत बसले. मावशी भिंतीला टेकून होत्या. बायका आल्या, पण कुणी हात पुढे करेना.

"रोज गोळी खात व्हत्या, तरी लकवा झालाच ना," एक जण म्हणाली. "मंग उपेग काय?"

मी खरं काय ते सांगितलं. "तुमी असंच म्हननार बाई, तुमची नोकरी हाय," तीच म्हणाली. सुनेने सांगितलं, तर तिचंही कुणी खरं मानलं नाही. सासूवर ढकलतीय, म्हणाल्या.

त्यांनी एकीचंच ऐकलं असतं, आणि तिला बोलता येत नव्हतं. मावशींना मात्र सगळं कळत होतं. त्यांनी डावा हात माझ्यापुढे धरला. मी गोळी दिली. सुनेने पाणी पाजलं, थोडं हनुवटीवरून ओघळलं. गोळी गिळून त्यांनी तोंड उघडलं आणि एकेकीकडे वळून सगळ्यांना दाखवलं. मग माझ्या पेटीकडे बोट केलं, पुन्हा बायकांकडे केलं. घशातून नुसता आवाज येत होता.

"लई सोसलं बिचारीनं," कुणी तरी म्हणालं, आणि बायका डोळे टिपत उठल्या. जाताना एकीने पदराची गाठ सोडून आपल्या गोळ्यांची पट्टी माझ्या पेटीत ठेवली. मग दुसरीने ठेवली. मावशी ते बघत होत्या.