न चाखलेली आमटी

नैवेद्याची आमटी उकळत होती आणि माझी बहीण सुधा हाताच्या अंदाजाने मीठ घालत होती. नैवेद्य दाखवेपर्यंत चाखायचं नाही, ही आमच्या घरची रीत. सुधा विश्वाच्या प्रसरणाचा वेग मोजणाऱ्या गटात काम करते.

"आमच्याकडेही असंच," ती म्हणाली. काम चालू असताना खरा आकडा संगणक झाकून ठेवतो. सगळ्या तपासण्या संपल्या की मगच तो उघडायचा, आणि उघडल्यावर पद्धत बदलायची नाही. आकडा आधी दिसला, तर हवं ते उत्तर येईपर्यंत माणूस चुका शोधत राहतो आणि ते आलं की थांबतो.

मला हे लगेच पटलं. मी वजनकाट्यावर मनासारखा आकडा येईपर्यंत चढउतार करते.

"मग उघडलात का?"

"गेल्या महिन्यात. दुसऱ्या रीतीने मोजणाऱ्यांच्या आकड्याशी जुळला नाही. चूकही सापडत नाही. तसाच छापायला दिला."

नैवेद्य दाखवून आम्ही जेवायला बसलो. पहिला घास घेऊन सुधाच म्हणाली, "अळणी झालीय." मघाशी "जुळला नाही" म्हणाली होती, त्याच आवाजात. कुणी काही बोलायच्या आधी.