चार पेडांची दोरी

खालापुरातल्या अर्ध्या गावाने शाळेत असताना सुलेमानमास्तरांच्या हातची चड्डी घातलेली आहे. उरलेल्या अर्ध्या गावाने थोरल्या भावाची उतरलेली घातली, म्हणजे तीही मास्तरांच्याच हातची. एसटी स्टँडमागच्या गाळ्यात त्यांनी चौतीस वर्षं शिलाई मशीन चालवलं. कापड घेऊन कुणी आलं की मास्तर ते आधी चिमटीत धरत, डोळे मिटत आणि निकाल देत, "टेरिकॉट हाय. सुती म्हणून घेतलं असशील तर फसलास." घरी बायको, जुबेदा, बटणं लावून आणि कपडे धुऊन-इस्त्री करून देई. असा तो दोघांचा धंदा.

हीच बोटं रविवारी पळसदरीला जात. धरणाच्या मागल्या अंगाला कोंडाजीचं शेत, आणि शेताच्या बांधाखाली पाणी. कोंडाजी भातशेती करणारा, मास्तरांचा जुना दोस्त. दोघं गळ टाकून बसत. तंगूस, म्हणजे ती नायलॉनची काचेसारखी दोरी, मास्तर उजव्या हाताच्या तर्जनीवरून घेत आणि मासा गळाशी आला की कोंडाजी म्हणे, "बोला मास्तर." मास्तर डोळे मिटून बोलत. चिलापी भराभर टोचे मारते. रोहू चोखल्यासारखा ओढतो. मरळ एकदाच धरते आणि गप्प बसते. नवख्याला वाटतं गेली, आणि मग ती जी निघते ती थेट खोल पाण्यात. मास्तर ज्याचं नाव घेत तेच वर येई. कोंडाजी हे सगळ्या पळसदरीला सांगत फिरे. मास्तर "काय उगाच" म्हणत, पण ऐकायला थांबत.

शुगर मास्तरांना बरीच वर्षं होती. दोन वर्षांपूर्वी ती बोटांपर्यंत पोचली. जाड कापडाचे हातमोजे घातल्यासारखं झालं. सुई टोचली तरी कळेना, काज तिरपे जाऊ लागले. शेवटी मास्तरांनी मशीनवर खोळ घातली आणि गावाला सांगितलं की डोळे अधू झाले. चौसष्टाव्या वर्षी डोळ्यांवर कोण शंका घेणार! जुबेदालाही त्यांनी तेच सांगितलं. बोटं गेली म्हणायची त्यांना लाज वाटली. शिंप्याची बोटं गेली म्हणजे शिंपीच गेला, अशी त्यांची समजूत. खुळीच होती, पण माणूस एकदा लाजला की त्याला शहाणपण कोण शिकवणार?

रविवार मात्र सुटेना. कोंडाजी "बोला मास्तर" म्हणायचा आणि मास्तरांच्या बोटावर काहीच नसायचं. "डुलकी लागली रं," ते म्हणत. मासे आमिष खाऊन निवांत निघून जात. असे कितीतरी रविवार गेले. कोंडाजीने हळूहळू "बोला" म्हणणं सोडून दिलं आणि तेच मास्तरांना फार लागलं.

मग एकदा सुट्टीला आलेल्या कुणा पाहुण्याने बांधावर आपला रॉड क्षणभर मास्तरांच्या हातात दिला. त्याची दोरी तंगुसाची नव्हती, बारीक विणलेली हिरवी दोरी होती. त्यांनी सवयीने ती बोटावर घेतली आणि तेवढ्यात टोचा आला. दुरून आल्यासारखा, पण आला. पाहुणा म्हणाला, "काका, तंगूस ताणते, झटका वाटेतच मुरतो. ही ब्रेडेड, ही ताणत नाही." मास्तरांनी त्याहून जास्त काही ऐकलं नाही. अशी दोरी मिळाली तर निदान रविवार तरी आपला राहील, एवढंच त्यांच्या डोक्यात बसलं.

कर्जतला जाळी आणि गळ विकणारा धनेश त्यांच्या ओळखीचा. त्याने तीन रिळं पुढ्यात मांडली. एक परदेशी, आठ पेडांचं, तळहातावर घेतलं तर सरकून जाईल असं गुळगुळीत. किंमत ऐकून मास्तरांनी ते जपून परत ठेवलं. दुसरं अगदी स्वस्त, त्यावरही आठ पेड छापलेले. तिसरं मधल्या किमतीचं, चार पेडांचं, जरा खरखरीत. मास्तरांनी कॉलरला टोचलेली सुई काढली, स्वस्तातल्या दोरीचं टोक तिने उसवलं आणि डोळ्यांशी धरून पेड मोजले. चारच निघाले, तेही सैल. नख फिरवलं तर नखावर हिरवा रंग उतरला.

"मास्तर, मासा धरायचाय का झबलं शिवायचंय?" धनेश वैतागला.

"तू टोक धर आणि रस्त्यापर्यंत जा," मास्तर म्हणाले. "मी डोळे मिटतो. मनात आलं की टिचकी मार."

रस्त्यावरची माणसं बघत होती. धनेश एकेका दोरीचं टोक धरून पानाच्या टपरीपर्यंत गेला आणि परत आला. स्वस्तातली मुकी निघाली. परदेशी दोरीत काहीतरी हललं, पण ते बोटावरून घसरून गेलं. चार पेडांच्या दोरीत टिचकी आली ती खरखरत आली, आणि मास्तर डोळे न उघडता म्हणाले, "मारलीस. आता परत मारलीस." खरखरच त्यांच्या बोटांना हवी होती. महागडी दोरी परवडत असती तरी त्यांनी हीच घेतली असती.

पैसे घेताना धनेश म्हणाला, "हातावर गुंडाळू नका हां. तुटत नाय ती, कात्रीच लावायची."

मास्तर हसले. "मला दोऱ्याचं शिकवतोस?"

रविवारी दोरी पाण्यात पडली. बऱ्याच वेळाने एक धक्का आला आणि मग शांतता. "कोंडाजी," मास्तर हळूच म्हणाले, "मरळ हाय." हातभर मरळ वर आली तेव्हा कोंडाजीच उड्या मारत होता. मास्तरांनी तोंड पाण्याकडे फिरवलं, डोळे भरून आले होते.

पुन्हा गळ टाकला तो पाण्यातल्या खोडात अडकला. आता दोरी तोडायची. आणि इथे चौतीस वर्षांच्या सवयीने घात केला. शिंपी दोरा कसा तोडतो? बोटाला दोन वेढे, एक हिसका. मास्तरांनी दोन वेढे घेतले आणि हिसका मारला. तुटली नाही. त्यांनी आणखी जोरात मारला.

"मास्तर, रगात!" कोंडाजी ओरडला.

दोरी तर्जनीत खोल रुतली होती आणि हात मनगटापर्यंत लाल झाला होता. मास्तर त्याकडे दुसऱ्याच कुणाचा हात असल्यासारखे बघत राहिले. कोंडाजीने विळ्याने दोरी कापली, खांद्यावरचा पंचा गच्च बांधला आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"दुकत नाय?"

मास्तरांनी मान हलवून नाही म्हटलं.

"कवापास्नं?"

"दोन वरसं झाली."

"आनि मला डुलकीच्या गोष्टी सांगता व्हय!" कोंडाजी चिडला आणि त्याच चिडीत त्यांना मोटारसायकलवर मागे बसवून दवाखान्यात घेऊन गेला. पाच टाके पडले. टाके जरा वाकडे आहेत, असं मास्तरांनी डॉक्टरला सांगितलंच.

घरी जुबेदाने पट्टी पाहिली. मास्तर म्हणाले, "डोळ्यांना दिसलं नाय गं, म्हणून..."

"पुरे झालं," ती म्हणाली. "गिऱ्हाइकांच्या पांढऱ्या सदऱ्यांवरचे रक्ताचे ठिपके कोण धूत होतं, वाटतं तुमाला? मीठ लावून लावून माझे हात सोलले. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. दोन वर्षं वाट बघितली मी."

दोन वर्षं ते एकटे लपवत होते आणि ती एकटी जाणून होती.

पुढच्या रविवारी डबा भरून जुबेदा स्वतःच कोंडाजीच्या मोटारसायकलवर मास्तरांच्या मागे बसली. इतक्या वर्षांत ती धरणावर पहिल्यांदा आली. मास्तरांचा हात पट्टीत होता. कोंडाजीने रॉड धरला, आणि मास्तरांनी सांगितलं तशी जुबेदाने दोरी नुसती बोटावर ठेवली, वेढा न घेता. तिला माशांमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मास्तर शेजारी डोळे मिटून बसले.

"काय लागतंय ते सांगत राहा," ते म्हणाले.

"काय नाय. काय नाय..." आणि मग ती दचकली. "धरलं! एकदाच धरलं. आता गप्प. गेलं वाटतं, अहो."

कोंडाजी कितीतरी दिवसांनी म्हणाला, "बोला मास्तर."

"गेली नाय ती," मास्तर म्हणाले. "थांब जरा. मरळ हाय."

जुबेदा थांबली. मग तिच्या बोटावरून दोरी सरसरत खोल पाण्याकडे निघाली.